वावरातल्या स्टार्टर पेटीत बोर्ड बंद पडतो? या चुका टाळा

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे स्टार्टर आता सर्रास दिसतात. आपल्याकडची पोरं ते स्वतः बनवतात, आणि चांगले बनवतात. तक्रार मात्र ठरलेली: टेबलावर छान चाललेला बोर्ड विहिरीवर नेला की आपोआप रिसेट व्हायला लागतो. मग प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात रात्री जातात. आधी सप्लाय तपासा.

बोर्डाला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या सिम८००एल मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. टॉवर लांब असला की ते पूर्ण ताकदीने सिग्नल सोडतं आणि त्या क्षणी २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. हा झटका जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे मल्टिमीटर आपला ४.० दाखवत राहतो. पातळ जंपर वायरचा रोध ०.३ ओहम धरा. ०.६ व्होल्ट तिथेच गेले, मॉड्यूलला उरले ३.४, म्हणजे अगदी खालच्या मर्यादेवर. आणखी जरा घसरलं की रिसेट. शहरात टॉवर जवळ, करंट कमी, म्हणून तिथे हे उघडकीलाच येत नाही. २ अँपिअर खरोखर देणारा रेग्युलेटर घ्या, बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक जाड आणि आखूड ठेवा, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर मॉड्यूलच्या पिनांना खेटून लावा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर इथे कामाचा नाही. डीएसओ (क्षणिक झटकेही दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप) मिळाला तर प्रोब त्याच पिनांवर धरा, आणि तेही वावरातच.

दुसरी चूक उन्हाची. मे महिन्यात सावलीत ४५ अंश असताना उन्हातली पत्र्याची पेटी आतून ६५ पर्यंत सहज जाते. ८५ अंशांवर २००० तास टिकेल असं रेटिंग असलेला कपॅसिटर सतत ६५ वर राहिला, तर दर १० अंशांना आयुष्य दुप्पट या हिशोबाने ८००० तास चालेल. म्हणजे वर्षही पुरं नाही! तेवढ्याच तासांचा पण १०५ अंशांचा घेतला तर हेच ३२,००० तास होतात. किमतीतला फरक किरकोळ आहे, इथे काटकसर करू नका. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला १२ व्होल्ट देऊन अर्धा अँपिअर काढला तर ३.५ वॉट नुसती उष्णता होते. त्याऐवजी बक कन्व्हर्टर वापरा, तो फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवतो.

मोटर जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या स्विचच्या) कॉइलवर डायोड लावलेलाही दिसतो. डायोड बोर्डावरच्या डीसी रिलेला. एसी कॉइलला तो शॉर्ट करतो. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर हवा, म्हणजे झटका शोषणारी रोध-कपॅसिटरची जोडी. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर त्यात २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर चालत नाही, ४४० चा एक्स१ मागा (एक्स१, एक्स२ हे एसी लाइनवर लावायच्या कपॅसिटरचे सुरक्षा वर्ग).

वायरी पेटीच्या खालून, ग्लँड (वायरीभोवतीची सील) घट्ट करून घ्या. पाल आणि मुंग्या त्याच भोकातून आत शिरतात.

आणि लाइन आल्याबरोबर मोटर चालू करू नका. एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकदम उठले की व्होल्टेज कोसळतं. प्रत्येक बोर्डात अर्ध्या ते पाच मिनिटांमधला वेगवेगळा डिले टाका.