ऑपरेशननंतरचं दुखणं: वॉर्डात होणाऱ्या या चुका टाळा

राऊंडला येणारा प्रत्येकजण "दुखतंय का?" असं विचारतो. पेशंट "नाही, बरंय" म्हणतो, तेवढंच केसपेपरवर उतरतं आणि सगळे पुढच्या कॉटकडे सरकतात. उत्तर खोटं नसतं. पोटाला टाके असलेला माणूस उताणा, अंग आवळून, वरवर श्वास घेत पडलेला असतो. तसं पडून राहिलं तर फारसं दुखतही नाही. त्यालाच म्हणा, "जरा खोकून दाखवा." मग कळतं.

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. जो खोकत नाही त्याच्या छातीत कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. जो हलत नाही त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन आकडे लिहा: पडून असताना किती, आणि खोकताना किंवा उठून बसताना किती. दहापैकी पडून २ आणि खोकताना ८ असेल, तर दुखणं आटोक्यात आलेलं नाही. खोकताना टाक्यांवर घडी केलेली चादर दाबून धरायला शिकवा, सोलापुरात चादरीला काही तोटा नाही. पहिल्यांदा उठवून चालवायचं असेल तर औषध त्याच्या आधी द्या. चालून कळवळल्यावर दिलं तर पेशंट दुसऱ्या दिवशी कॉटवरून उतरायलाच तयार होत नाही.

आकडा विचारताना

शून्य ते दहाची पट्टी सोपी वाटते, पण ती सगळ्यांना जमत नाही. आपल्याकडचे म्हातारे आण्यात सांगतात: "बारा आणे फरक हाय, सिस्टर." हिशेब पक्का असतो. फक्त ते किती कमी झालं ते सांगतात, म्हणजे चार आणे दुखणं उरलंय. घाईत ऐकणारा मात्र बारा आण्यांचं दुखणं लिहून मोकळा होतो. सरळ विचारा, "सोळा आण्यांतलं आता किती उरलंय?" तेही जमत नसेल तर नाही, थोडं, बरंच, सोसवत नाही, असे चार शब्द पुरतात. एका पेशंटला मात्र एकच पट्टी ठेवा. सकाळी आणे, दुपारी आकडे आणि रात्री शब्द असं झालं तर फरक कशाशी ताडून बघणार?

इथे अक्कलकोट, मंगळवेढ्याबरोबर कर्नाटकातल्या इंडी, आळंदहूनही पेशंट येतात, आणि शहराच्या पूर्व भागातल्या घराघरांत तेलुगू बोलतात. भाषेची अडचण आली की नातेवाईकच उत्तर देतो: "काही नाही, थोडं दुखायलंय तिला." त्याने सांगितलं ते त्याचं मत झालं. कन्नड किंवा तेलुगू येणारी मावशी वॉर्डात सापडतेच, तिला बोलवा आणि पेशंटच्याच तोंडून घ्या. आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्यांना बरेचदा कमी ऐकू येतं, ते नुसती मान हलवतात. समोर उभं राहून, मोठ्याने विचारा.

साधारण तीन वर्षांपुढचं मूल चेहऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवू शकतं. त्याहून लहान असेल तर चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होतंय का, या पाच गोष्टी बघायच्या. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीचंही तसंच: कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, हात झटकणं. बोलता येत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं. दुखण्याच्या जागतिक व्याख्येत २०२० साली हे स्पष्ट लिहिलं गेलंय.

"मागितलं की देऊ"

बरीचशी माणसं मागतच नाहीत. बिड्या वळून घर चालवलेली बाई इंजेक्शनसाठी सिस्टरला दोनदा हाक मारेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. "सोस थोडं" म्हणणारे नातेवाईक उशाशी असतातच. शिवाय दुखणं एकदा भडकलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं. म्हणून मूळ औषध वेळापत्रकाने द्यायचं. बहुतेकांसाठी ते पॅरासिटामॉल असतं: ५० किलोंहून जास्त वजनाच्या प्रौढाला दर ६ तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. त्याहून हडकुळ्या माणसाला दर डोसला किलोमागे १५ मिलिग्रॅम. अंदाज करू नका, वजन करा.

कमरेतल्या भुलीचा (कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केलेला) पेशंट संध्याकाळी हसत असतो, कारण पाय अजून बधिर असतात. तेव्हा "वेदना नाही" लिहून औषध पुढे ढकललं की भूल उतरल्यावर, मध्यरात्री, आरडाओरडा सुरू होतो. पाय हलायला लागण्याआधीच पहिला डोस जायला हवा.

दिल्यावर पुन्हा विचारणं राहून जातं, तेही चुकतंच. शिरेतून दिलं असेल तर १५ ते ३० मिनिटांनी, गोळी असेल तर तासाभराने परत जा.

मॉर्फिनची भीती, डायक्लोफेनॅकची बेफिकिरी

आपल्याकडे हे नेमकं उलटं झालंय. मॉर्फिन म्हटलं की "सवय लागेल" म्हणून हात आखडतो. दोन-तीन दिवस, देखरेखीखाली, दुखण्यापुरतं दिल्यावर ती शक्यता फार कमी असते. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळणंही सोपं केलं. लक्ष ठेवायचं ते गुंगीवर. श्वास मंदावण्याआधी पेशंट पेंगायला लागतो. हाक मारल्यावर डोळे उघडून बोलता बोलता पुन्हा झोपत असेल, किंवा पूर्ण मिनिट मोजून श्वास १० पेक्षा कमी भरत असतील, तर पुढचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. मॉर्फिनचा उतारा, नॅलोक्सोन, ट्रेमध्येच हवा. झोप येत नाही म्हणून वर झोपेची गोळी देऊ नका.

याउलट डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध सगळ्यांना सर्रास जातं. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, रक्तस्रावाचा धोका, काही दमेकरी यांना ते घातक ठरू शकतं. एप्रिल-मेमध्ये उपाशी ठेवलेला, आधीच कोरडा पडलेला पेशंट असेल तर लघवी किती झाली ते आधी बघा.

दुखणं कमी होत नाही, तेव्हा

नवं इंजेक्शन काढण्याआधी पेशंटच्या अंगावरची चादर बाजूला करा. कमरेतल्या भुलीनंतर तळमळणाऱ्याच्या ओटीपोटावर हात ठेवा, अनेकदा नुसती लघवी तुंबलेली असते. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्याचा खांदा दुखत असेल तर ते पोटात भरलेल्या वायूमुळे छाती-पोटामधला पडदा चिडल्याने असतं, एक-दोन दिवसांत ओसरतं. मात्र छातीत दुखतंय किंवा दम लागतोय तर ते वायूवर ढकलू नका. कमरेतल्या भुलीनंतर बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तर भूलतज्ज्ञांना कळवा.

प्लास्टर घातलेला पाय मात्र थांबू देत नाही. औषध देऊनही वाढत जाणारी कळ, बोटं हलकेच ताणली तरी किंकाळी, म्हणजे आत दाब वाढतोय. नाडी लागते म्हणून निर्धास्त होऊ नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. त्याच क्षणी सर्जनना बोलवा. पोटरी एका बाजूचीच सुजून दुखत असेल तर आत गुठळी असू शकते, चोळू नका, चोळू देऊही नका. आतड्याच्या ऑपरेशननंतर कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढलं, सोबत नाडी जलद आणि ताप असेल, तर जोडलेला भाग गळतोय का हे आधी बघायचं असतं.

घरी सोडताना

पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं उलटून बघा. दुखण्याच्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यात नातेवाईक तापाची, म्हणजे पॅरासिटामॉलचीच, वेगळी गोळी देतात. ट्रामाडॉल (मॉर्फिनच्याच जातीचं सौम्य औषध) लिहिलं असेल तर पोट साफ होण्याचं औषधही लिहून घ्या, नाहीतर कुंथून टाक्यांवर ताण येतो. आणि एसटीने गावी जाणार असतील तर निघण्याच्या तासभर आधी गोळी द्या, मागच्या सीटवर बसू नका म्हणून सांगा.