जठरातली दुर्मिळ गाठ आणि 'नॉर्मल' रिपोर्ट: या चुका टाळा

पोट दुखणाऱ्या बहुतेकांच्या जठरात गाठ नसते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण ज्यांना ती असते, त्यांचं निदान अनेकदा एका 'नॉर्मल' रिपोर्टपाशी अडकतं.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे जठर ठीक, असं धरून चालू नका. पित्ताशय, यकृत तिच्यात चांगलं दिसतं. जठरात मात्र हवा असते आणि हवेपलीकडचं नीट दिसत नाही.

त्याहून फसवी गोष्ट एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत घडते. 'जिस्ट' (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर) ही दुर्मिळ गाठ जठराच्या आतल्या अस्तरात नव्हे, त्याखालच्या स्नायूंच्या थरात वाढते. दुर्बिणीतून दिसतो तो गुळगुळीत फुगवटा, वर निरोगी अस्तर. चिमट्याने काढलेला तुकडा बऱ्याचदा त्या अस्तराचाच असतो, मग रिपोर्ट येतो: 'किरकोळ सूज, कॅन्सर नाही.' रिपोर्ट खोटा नसतो, तुकडाच भलत्या थरातला असतो. अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने, गाठ कोणत्या थरात आहे ते कळतं आणि सुईने आतला नमुनाही घेता येतो. गाठ जठराच्या बाहेरच्या बाजूला वाढत असेल तर एंडोस्कोपीत काहीच न दिसण्याची शक्यता असते. तिथे काँट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन कामाला येतो.

नमुना मिळाला की त्यावर जिस्ट ओळखणाऱ्या सीडी ११७ आणि डॉग १ या चाचण्या झाल्या का, हे जरूर विचारा. १९९८ मध्ये बहुतेक जिस्टमागचा किट नावाच्या जनुकातला बिघाड सापडला. त्याआधी यातल्या कितीतरी गाठी स्नायूंच्या गाठी म्हणूनच नोंदल्या जात. आज हा फरक उपचार ठरवतो, कारण इमॅटिनिब हे औषध बऱ्याच जिस्टवर लागू पडतं, स्नायूच्या साध्या गाठीला ते लागतच नाही.

ॲसिडिटीच्या गोळीने बरं वाटलं म्हणून तपास सोडू नका. कॅन्सरचा व्रणही या गोळ्यांनी काही काळ वरवर भरून येऊ शकतो. जठरात व्रण सापडला असेल तर तो खरंच भरला का, हे बघायला पुन्हा एंडोस्कोपी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

गाठीतून किंवा व्रणातून रक्त जात असलं तर हिमोग्लोबिन कमी होतं. पण ते कमी आलं की लगेच लोहाच्या गोळ्या सुरू होतात. रक्त कुठून जातंय, हे बघायचं राहून जातं. त्यातच लोहाने शौच काळी होते, म्हणून गोळ्यांआधी रंग कसा होता ते डॉक्टरांना सांगा. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी झाली, विशेषतः सोबत चक्कर आली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.