तिथं ओळखीचं कोन हाय?

व्हिसा हातात आला त्या रात्री अप्पांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं आपल्या ओळखीचं कोन हाय?" मी म्हटलं, कुणीच नाही. त्यांचा घास हातातच राहिला.

प्रश्न वेडगळ नव्हता. आमच्या उदगीरकडं दवाखान्यात जायचं तर आधी कंपाउंडर कुणाच्या पाव्हण्यातला हे काढायचं, तहसीलला जायचं तर मामाला फोन, बँकेत जायचं तर कुणाला तरी संगं घेऊन. ओळखीशिवाय काम होतच नाही असं नाही, पण तसं करून बघायला कुणी जात नाही. मी अकरावी-बारावीला लातूरला राहिले, मग इंजिनिअरिंगला छत्रपती संभाजीनगरला. सहा वर्षं घराबाहेर काढलेली, म्हणून स्वतःला फार धीट समजायचे. आता मोजते तर त्या सहा वर्षांत एक अर्जसुद्धा मी एकटीनं नेऊन दिलेला नव्हता. डबा मेसचा, खोली मामाच्या मित्राची, फी अप्पा भरणार.

सप्टेंबर 2023 मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीत माग्डेबुर्गला गेले. विमान हैदराबादहून, उदगीरला मुंबईपेक्षा तेच जवळ. एल्बे नदीकाठचं हे शहर एके काळच्या पूर्व जर्मनीतलं. कॉलेजात इंग्रजी चालतं, पण कचेरीच्या खिडकीवर आणि दुकानात जर्मनच.

पैशाचं थोडक्यात सांगते. वर्षभराचा खर्च आधीच एका खात्यात अडकवून दाखवावा लागतो, पोरं त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. माझ्या वेळी 11,208 युरो होते, म्हणजे सुमारे 10 लाख रुपये. सप्टेंबर 2024 पासून ते 11,904 झालं, महिन्याला 992 युरो हातात येतात. कर्जासाठी बँकेला आमचं शेत तारण म्हणून चाललं नाही, मामाचं उदगीरचं घर द्यावं लागलं. तुमच्याकडं नुसती शेतीच असेल तर ही चौकशी प्रवेश मिळायची वाट न बघता करा. एपीएसचं, म्हणजे कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्रही लागतं आणि त्याला वेळ जातो.

तिथं पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंगचं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, घरमालकाची लेखी चिठ्ठी जोडून. मी चार वाक्यं पाठ करून गेले. खिडकीतल्या बाईनं माझं पहिलं वाक्य ऐकलं आणि असं भराभरा बोलायला लागली की मला फक्त 'पासपोर्ट' कळलं. तो दिला. चिठ्ठी दिली. दहा मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात. बाहेर येऊन मी फोन काढला, आणि कुणाला लावावा हे कळेना. आमच्याकडं काम झालं की ज्यानं करून दिलं त्याला फोन जातो. इथं करून दिलेलं कुणीच नव्हतं. त्या दिवशी त्याचा आनंद झाला नाही, उलट जरा ओकंबोकंच वाटलं.

या एका कामानं अंगात बळ आलं असं समजू नका. टपालानं तर मला पुरतं घाबरवलं होतं. जर्मनीत अजून सगळं कागदावर येतं, आणि मला भाषा धड येत नव्हती म्हणून मी पाकिटं न फोडता खिडकीत रचून ठेवायचे. त्यातलं एक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं निघालं. घरात टीव्ही असो-नसो, दर घरामागं महिन्याला 18.36 युरो द्यावेच लागतात. नऊ महिन्यांचे 165.24 युरो एकदम भरले तेव्हा शहाणपण आलं. पाकीट आलं त्याच दिवशी फोडायचं. मोबाइलवर भाषांतर करा, नाहीतर कुणाला विचारा, पण फोडा. चार जण एका घरात राहत असाल तर वर्गणी एकच, वाटून घ्यायची.

आता किल्लीची गोष्ट. नोव्हेंबरातला रविवार. रविवारी तिथं दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी डाळीचा कुकर लावला आणि कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. पायात घरातल्या चपला, अंगात पातळ कुर्ता. वर येते तर दार ओढलं गेलेलं. तिथल्या दाराला बाहेरून नुसती मूठ असते, फिरत नाही. किल्ली आत, मोबाइल आत, शेगडी चालू.

समोरच्या दारावर एक म्हातारी राहायची. दोन महिन्यांत 'हालो'च्या पुढं आमचं गाडं गेलं नव्हतं. तिची बेल दाबायला मला पाच मिनिटं लागली. कुकर तिकडं तापतोय आणि मी इकडं वाक्याचं व्याकरण जुळवतेय! शेवटी तिनं साखळी लावूनच दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं ते असं: "किल्ली आत. मी बाहेर. जेवण आगीवर." तेवढ्यात आतून शिट्टी झाली. म्हातारी दचकून मागं सरली. मग तिनं साखळी काढली, मला आत ओढलं, खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि जिन्यातल्या फलकावरच्या हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाच्या नंबरावर फोन लावला. तो अर्ध्या तासानं आला, दाराच्या फटीत प्लॅस्टिकची एक लवचीक पट्टी सरकवली आणि खटकन दार उघडलं. डाळीचा कोळसा झाला होता.

या गोष्टीतलं कामाचं असं. एक किल्ली शेजाऱ्याकडं ठेवा. कुलूपवाला बोलवायची वेळ आलीच तर येण्याआधी फोनवरच पूर्ण रक्कम ठरवा, कारण रविवारी काही जण अव्वाच्या सव्वा मागतात. आग लागली किंवा जिवावर बेतलं तर 112. रात्री-बेरात्री ताप आला, पण तितकं गंभीर नाही, तर 116117 वर डॉक्टरची सोय विचारता येते. आणि 'माझी किल्ली आत राहिली' हे वाक्य जाण्याआधी पाठ करा. क्लासमध्ये माझी ओळख, माझा छंद असलं सगळं शिकवतात. माझा छंद मला तिथं कुणी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला धपाटे नेऊन दिले. तिनं त्यावर चेरीचा जाम लावून खाल्ले. मी काही बोलले नाही.

डिसेंबर मात्र वाईट गेला. चार वाजताच अंधार पडतो. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढं, त्यामुळं मी खोलीवर येईपर्यंत घरी जेवणं आटोपून निजानीज. आई विचारायची, "जेवलीस का माय?" आणि मी कोरडी ब्रेड समोर ठेवून 'हाव, जेवले' म्हणायचे. एका मराठी पोरानं पहिल्या सेमिस्टरनंतर परतीचं तिकीट काढलं. त्याला मी कच्चा म्हणणार नाही, त्या महिन्यात मीही दोनदा तिकिटाचे भाव बघितले होते. मला तारलं ते शनिवारच्या उपाहारगृहातल्या नोकरीनं. ताटं धुवायची, आणि ठरल्या वेळी चार माणसं माझी वाट बघणार. हल्ली परदेशी विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. पैशापेक्षा मला तिथल्या टोमण्यांचा उपयोग झाला, जर्मन मी त्या मोरीवरच शिकले.

आपल्या पोरांसोबत राहावं की एकटं, हे मला सगळेच विचारतात. पहिले पंधरा दिवस खुशाल त्यांच्याकडं राहा, सिमकार्डापासून सगळं ते करून देतील. पण त्यानंतर वेगळी खोली बघा. तिथंही एखादा मामा तयार होतो आणि सगळ्यांची कामं तोच करतो. मी एकटी राहिले ती हिंमत म्हणून नव्हे. खोलीसाठी उशिरा अर्ज केला, म्हणून एकटीचीच खोली मिळाली.

डिसेंबर 2025 मध्ये परत आले. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं आणि सातबाऱ्यावर वारस नोंद राहिली होती, कारण मामाला सवड नव्हती. मी म्हटलं, अप्पा, आपणच जाऊ. खिडकीतल्या माणसानं अर्जाकडं न बघता विचारलं, "तुम्ही कोणाच्या?" मी म्हटलं, अर्जदाराची मुलगी. कोणते कागद कमी आहेत ते लिहून मागितलं, दुसऱ्या दिवशी ते जोडले आणि अर्जाची पोच घेतली. आता नोटीस निघेल, आक्षेपाला 15 दिवस, मग नोंद.

अप्पा बाहेर लिंबाखाली उभे होते. पोच दोनदा वाचून त्यांनी मामाला फोन लावला. "अर्ज दिला बाबा. पोच बी घेतली." मामाचा आवाज मला इथवर ऐकू आला, "पर भेटलात कोनाला?"

अप्पा माझ्याकडं बघत म्हणाले, "कोनालाच नाही."