पूर ओसरलेल्या गावात जायच्या आधी

भावांनो, रविवारी वैनगंगेकाठी पूरग्रस्तांच्या मदतीला जायचं ठरलंच आहे तर आत्ताच सांगतो, टेम्पो भरायच्या आधी फोन करजा, तिथल्या आशाताईला नाहीतर पोलीस पाटलाला, अन् एकच विचारजा की आज काय नाही तुमच्याकडे. २०२० च्या ऑगस्टमधे मध्यप्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, लाडजसारखं गाव चारही बाजूनं पाण्यात गेलं, तवा आपण न विचारता जुन्या कपड्यांचे गठ्ठे नेले होते अन् ते शाळेच्या वऱ्हांड्यात पावसानं भिजून कुजले. त्या मायबाया मात्र कोरड्या लुगड्यासाठी अन् पॅडसाठी कोणाला सांगावं म्हणून गप बसून होत्या, ते मला अजून आठवते. म्हणून या खेपेला कपडे नवे, कमी, अन् विचारून.

खाण्याचं म्हणाल तर पहिले दोन दिवस शिजलेलं वरण-भात न्यायचं, कारण चूल ओली, सरपण ओलं, तांदूळ दिला तरी शिजवणार कशावर. नंतर किट, तांदूळ, तुरीची डाळ, तेल, तिखट, हळद, अन् मीठ-माचिस विसरू नका, हेच दोन नेहमी राहून जातात.

खरं काम गाळाचं आहे. ओला आहे तोवर निघतो, वाळला की कुदळ लागते, म्हणून फावडी, घमेली, खराटे, वायपर, बादल्या, दोर आपल्या घरूनच घेजा, तिथल्या लोकांची अवजारं वाहून गेली असतात. पण घराला हात लावायच्या आधी घरवाल्यांना विचारून फोटो काढा, तलाठी अन् ग्रामसेवकाचा पंचनामा झाला का ते बघा, नाहीतर आपण साफसफाई करून त्यांचाच पुरावा धुवून टाकू. मीटरमधे पाणी गेलं असेल तर लाइनमन येईपर्यंत कोणी बटन दाबायचं नाही. गमबूट अन् जाड हातमोजे पाहिजेच, पायाला जखम असेल त्यानं चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतानं पसरणाऱ्या तापाची भीती असते, धनुर्वाताचं इंजेक्शन अन् बाकी गोळ्यांचं आधी डॉक्टरला विचारजा. कुटाराच्या (वाळल्या चाऱ्याच्या) ढिगात, कवेलूखाली (कौलाखाली) हात घालायच्या आधी काडीनं हलवून पाहायचं, नाग, मण्यार, घोणस कोरड्या जागी येऊन बसते. चावलंच तर बांधाबांध, चिरफाड, झाडफूक काही नाही, हलू न देता थेट दवाखान्यात, १०८ ला फोन.

विहिरीचं पाणी उपसल्यावर ब्लिचिंग किती टाकायचं ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला करू द्या, आपण अंदाजानं नको. आपलं प्यायचं पाणी आपणच न्यायचं.

पैसे ज्यांना द्यायचे त्यांनी मुख्यमंत्री सहायता निधीचा क्यूआर सरकारी साइटवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर फिरते तो नको. अन् ८०जीची आयकर सवलत पाहिजे असेल तर २००० च्या वर रोख देऊ नका, ऑनलाइन करजा. आपल्या गावातून जमा होईल त्याची वही ग्रामपंचायतीत ठेवू, कोणीही येऊन पाहावी.

ढोरांचं कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. कुटार भिजून सडलं की गाय दोन दिवस उपाशी उभी राहते अन् घरधन्याला स्वतः जेवावंसं वाटत नाही, म्हणून एक बंडी कोरडं कुटार अन् दोन पोती ढेप (पेंड) वेगळी भरायची, पशुवैद्यकाला घटसर्पाच्या लसीचं विचारायचं. ज्याला शारीरिक काम जमत नाही त्यानं पॉवरबँक घेऊन बसावं, लोकांचे फोन चार्ज करावे, भिजलेली पासबुकं-आधार सावलीत सुकवावी, सातबारा ऑनलाइन काढून द्यावा, एका माणसाचं दिवसभराचं काम आहे ते.

अन् बांधीतला धान सडला असेल तर आता रोवणीची वेळ गेली, परेही (धानाची रोपं) मिळणार नाही, त्या घरांना रब्बीचाच आधार आहे. तेव्हा आपण दिवाळीच्या आधी पुन्हा एक खेप करू, लाखोळी अन् हरभऱ्याच्या बियाण्याची. ज्याच्या घरी असेल त्यानं किती पायल्या देणार ते आत्ताच सांगून ठेवजा, पोती मी आणतो.