लहान मुलांसाठी सुरक्षित आणि विषमुक्त खेळणी व वस्तू कशा निवडाव्यात

रांगते मूल हाती आलेली वस्तू आधी तोंडात घालते, चोखते, हिरड्यांनी दाबते आणि मग आपटते. म्हणून खेळणे निवडताना ते आज किती सुबक दिसते, याला फारसे महत्त्व देऊ नये. सहा महिने चावून आणि आपटून झाल्यावर त्यातून काय सुटेल, काय निघेल आणि काय पोटात जाईल, याचा विचार आधी करावा.

पाहणीची सुरुवात वेष्टनावरील वयाच्या सूचनेपासून करावी. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना मुलाच्या हुशारीबद्दल नसून त्याच्या घशाच्या रुंदीबद्दल असते; त्यामुळे मूल कितीही चलाख असले तरी ती मोडू नये. सुट्या भागांची चाचणी घेण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर आतील व्यासाचे नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्ण मावणारा तुकडा तीन वर्षांखालील मुलासाठी धोक्याचा मानतात. घरी जाड कागदाची सुरळी करून ही चाचणी सहज घेता येते. सुरळी थोडी मोठी, सुमारे साडेचार सेंटिमीटर व्यासाची ठेवल्यास लहान चेंडूही त्यात पकडले जातात, आणि ते फार गरजेचे आहे, कारण गोल वस्तू घशात बूच बसावे तशी अडकते. बाहुलीचे डोळे, गाडीची चाके आणि शिवलेली बटणे बोटांनी जोर लावून ओढून पाहावीत. पाळण्यात द्यायच्या खेळण्याला लांब दोरी नसावी. युरोपीय मानकात दीड वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी २२ सेंटिमीटरची मर्यादा आहे.

यानंतर तीन गोष्टी मुद्दाम शोधाव्यात. पहिली म्हणजे बटणासारखा चपटा सेल. तो अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, तेथे तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. म्हणून सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तरच खेळणे घ्यावे, आणि आवाज करणारी पुस्तके, रिमोट व लुकलुकणारी शुभेच्छापत्रे यांनाही हाच नियम लावावा. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी त्रास दिसण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट म्हणजे छोटे शक्तिशाली लोहचुंबक. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याचे दोन पदर त्यांच्यामध्ये चिमटले जाऊन छिद्र पडू शकते. तिसरी म्हणजे पाण्यात फुगणारे मणी. ते पोटात गेल्यावरही फुगतात आणि क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे लहान मूल असलेल्या घरात ते आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रंगाकडे वळावे. येथे खरा शत्रू शिसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित मानता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या चार ते पाच पट प्रमाणात शोषून घेते, आणि मेंदूवर होणारा परिणाम कायमचा राहू शकतो, तोही वरवर कोणतेही लक्षण न दिसता. २००७ साली रंगातील शिशामुळे लाखो खेळणी बाजारातून परत मागवावी लागली. त्यानंतर अमेरिकेत रंगातील शिशाची मर्यादा दर दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणली गेली. शिसे डोळ्यांना दिसत नाही. ओल्या पांढऱ्या कापडाने खेळणे घासून पाहावे. रंग कापडावर उतरला तर ते नाकारावे. मात्र रंग उतरला नाही म्हणजे शिसे नाही, असे समजू नये. त्यामुळे चावण्याच्या वयात न रंगवलेले, गुळगुळीत घासलेले सलग लाकूड सर्वांत निर्धास्त. दाबीव लाकडाच्या फळीत मात्र फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचा गोंद असू शकतो.

प्लॅस्टिकच्या वस्तूवर त्रिकोणातील अंक असल्यास तो वाचावा. ३ म्हणजे पीव्हीसी, आणि ते मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातील रसायने मिसळली जाऊ शकतात. युरोप आणि अमेरिकेत खेळण्यांतील त्यांपैकी काहींवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. २ आणि ५ हे अंक तुलनेने बरे. दूध पाजण्याच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हे प्लॅस्टिकमधील रसायन हद्दपार करण्याचा निर्णय युरोपने २०११ मध्ये घेतला, तरी ‘बिस्फेनॉल-ए मुक्त’ लिहिलेल्या वस्तूत त्याचेच भावंड असलेले दुसरे बिस्फेनॉल असू शकते. म्हणून गरम द्रवासाठी काच किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. वेष्टन उघडताच उग्र वास आला, तर ती वस्तू परत करावी.

‘नैसर्गिक’ आणि ‘विषमुक्त’ हे शब्द कोणीही छापू शकतो. त्याऐवजी मानकाचा क्रमांक शोधावा. आंतरराष्ट्रीय आयएसओ ८१२४, युरोपीय ईएन ७१, अमेरिकी एएसटीएम एफ ९६३ आणि भारतीय आयएस ९८७३ ही खेळण्यांची मानके आहेत. वस्तू युरोपीय नियमांना धरून असल्याचे सांगणारी सीई ही खूण मात्र बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, हे लक्षात ठेवावे. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तुकडी क्रमांक नसलेली वस्तू घेऊ नये, कारण ती परत मागवली गेली तरी आपल्याला कळणार नाही.

दात येताना गळ्यात घालण्याच्या मण्यांच्या माळा पूर्णपणे टाळाव्यात. गळफास आणि मणी अडकणे, हे दोन्ही धोके त्यात आहेत.

शेवटी घरातल्या जुन्या खेळण्यांची टोपली तपासावी. मोठ्या भावंडाकडून किंवा आजोळहून आलेल्या खेळण्यांमागे माया असते, हे खरे. पण ती आजचे नियम येण्यापूर्वी बनलेली असू शकतात. पोपडे निघालेले, तडे गेलेले किंवा चिकट झालेले खेळणे आठवण म्हणून उंच कपाटात ठेवावे, मुलाच्या हाती देऊ नये.