मोरपंखी की निळी: फोनचे कॅमेरे समोरासमोर लावून कसे तपासायचे

मी पंचवटीत राहते. येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या आणते आणि फोनवर फोटो पाठवून विकते. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका ताईंनी पैठणी परत पाठवली. म्हणाल्या, "निळी दाखवलीत, हिरवी आली." पैठणी होती मोरपंखी. जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्याच अंगावर पडलं. मग नवा फोन घ्यायला गेले, तर दुकानातला मुलगा म्हणतो, "काकू, हा घ्या, १०८ मेगापिक्सेल." तशीच घरी परत आले. घरात तीन फोन होते: माझा, सुनेचा आणि पुतण्याचा. म्हटलं, आधी यांचीच परीक्षा घेऊ.

पहिलं काम कागदावरचं. फोनच्या माहितीत सेन्सरचं, म्हणजे लेन्समागच्या उजेड टिपणाऱ्या तुकड्याचं, माप १/१.५६ इंच असं काहीतरी दिलेलं असतं. खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. पण हे इंच आपल्या टेपवरचे नव्हेत. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापं चालत आली. म्हणून 'एक इंची' सेन्सर मोजायला गेलं तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच भरतो. मला हे अपूर्णांक जमत नाहीत, मी सरळ गुणाकार करते: पूर्ण मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी गुणिले एका पिक्सेलचं माप. ५० मेगापिक्सेलचा फोटो साधारण ८,१६० पिक्सेल रुंद असतो. पिक्सेल १ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) असला तर सेन्सर झाला ८.२ मिलिमीटर रुंद. १०८ मेगापिक्सेलवाल्याचा फोटो १२,००० पिक्सेल रुंद, पण पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा, म्हणजे ७.७ मिलिमीटर. दुकानातल्या मुलाचा मोठा आकडा छोट्या सेन्सरवर बसला होता. शिवाय नेहमीच्या फोटोत ५० वाला चार-चार पिक्सेलचा एक करतो आणि १०८ वाला नऊ-नऊचा एक. हातात दोघांचेही बाराएक मेगापिक्सेलच पडतात.

आता प्रत्यक्ष काम. लेन्स आधी पुसा. हसू नका, माझ्या लेन्सवर फोडणीच्या तेलाचा हात होता आणि दिव्यांभोवती येणारं धुकं मी वर्षभर कॅमेऱ्याच्या नावावर खपवत होते. ब्युटी, फिल्टर, देखावा ओळखून रंग बदलणारा मोड, सगळं बंद करा. तिन्ही फोन एकाच स्टँडवर, एकाच जागेवरून, पाच मिनिटांच्या आत. प्रत्येकाचे तीन फोटो, कारण एखाद्याचा फोकस चुकतोच. झूम सगळ्यांचा १x. कुणाचा कॅमेरा जरा जास्त रुंद दिसला तरी पुढेमागे सरकू नका, फोटो नंतर कापता येतो.

साडीसाठी मी उत्तरेच्या खिडकीशी सकाळी दहाला पदर पसरते आणि बाजूला पांढरा रुमाल ठेवते. सगळं हाताने ठरवायच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोन करतो ती रंगांची जुळवणी, तिन्हींवर ५,२०० केल्विनला बांधून टाकायचा. फोटो जेपेग (फोनने रंग लावून दिलेला नेहमीचा फोटो) आणि रॉ (सेन्सरने टिपलेलं कच्चं चित्र) दोन्हींत घ्यायचा. ही रॉची भानगड मला पुतण्याने शिकवली आणि तिथेच माझं सगळं गणित बदललं. रॉमध्ये तिन्ही फोनांची मोरपंखी जवळजवळ सारखी होती! जेपेगमध्ये माझाच फोन हिरव्याला निळ्याकडे ओढत होता. म्हणजे सेन्सर बिचारा निर्दोष, रंग फासणारं सॉफ्टवेअर वेगळंच. (काही फोन रॉ म्हणून देतात तेही अनेक फोटो जोडून बनवलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.)

जरीत मात्र फरक दिसला. मोराच्या पिसाऱ्यातलं जरीकाम झूम करून बघा. धागे सुटे दिसतात, की नुसता पांढरा डाग? डाग असेल तर उजेड थोडा कमी करून पुन्हा घ्या. तरीही तीच अवस्था राहिली, तर तो कॅमेरा जरीच्या कामाचा नाही.

सेन्सरची खरी कसोटी संध्याकाळी. आम्ही तिघं फोन घेऊन गंगेवर (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) गेलो, रामकुंडाच्या आरतीला. पाण्यात सोडलेले दिवे लख्ख आणि मागचा नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड अंधारात, अशी जोडी घरात मिळत नाही. नाइट मोड बंद ठेवा, कारण तो अनेक फोटो एकावर एक रचतो आणि सेन्सरचं दुबळेपण झाकतो. आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) १,६००, शटर १/५० सेकंद. हा १/५० उगाच नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं की फोटोत पट्टे उमटत नाहीत. दिव्याची ज्योत सोडा, दगडावरची नक्षी बघा. पुतण्याच्या फोनमध्ये ती नक्षी ओळखू येत होती. माझ्यात नुसते रंगीत दाणे.

तिथेच एक गंमत करा. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर ३x झूम लावा आणि झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. चित्र तसंच राहिलं तर समजा, कमी उजेडात फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून देतोय. मग झूमच्या वेगळ्या सेन्सरची जाहिरात अशा वेळी तुमच्या कामाची नाही.

फोटो बघताना व्हॉट्सॲपवरून मागवू नका, तो ते दाबून पाठवतो. केबलने एकाच लॅपटॉपवर घ्या. सगळे फोटो एकाच रुंदीचे करा, मी ४,००० पिक्सेल ठेवते. नाहीतर पूर्ण झूमवर जास्त मेगापिक्सेलवाला उगाच दाणेदार वाटतो. आणि फायलींची नावं दुसऱ्याकडून बदलून घ्या. सुनेने क, ख, ग अशी नावं दिली, तर पुतण्याने स्वतःच्याच फोनचा सकाळचा फोटो शेवटच्या नंबरवर टाकला. रंग बघायचा असेल तर खरी साडी लॅपटॉपशेजारी, दिवसाउजेडी.

शेवटी मी मोठ्या सेन्सरवालाच फोन घेतला आणि पहिल्याच आठवड्यात फसले. पदरावरचा एक मोर जवळून टिपायला गेले तर चोच स्पष्ट आणि शेपूट धूसर. मोठ्या सेन्सरला जवळ गेलं की फोकसची खोली कमी पडते, शिवाय फार जवळून तो फोकस पकडतही नाही. दुकानातच वीतभर अंतरावरून कापडाचा फोटो घेऊन बघायला हवा होता. आता मी हातभर मागे सरते आणि २x लावते. काठ, बुट्टी असलं बारीक काम मात्र अजून जुन्या फोनवर, पण रॉमध्ये घेऊन.