किनाऱ्याजवळच्या खडकांवर गळ टाकताना या चुका टाळा

गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या, पाण्याखालच्या खडकांवर होडीतून गळ टाकताना मासा हातचा जातो, तो बहुतेक वेळा गळाला लागल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांत. ग्रँड आयलंडच्या आसपास, आग्वादच्या टोकाखाली किंवा काब द रामच्या कड्याजवळ गळ टाकणारा नवखा माणूस दोरी तुटली की दोरीलाच दोष देतो आणि पुढच्या रविवारी आणखी जाड दोरी घेऊन येतो. ती दोरीही त्याच जागी तुटते, कारण चूक दोरीत नसून त्या चार-पाच सेकंदांसाठी केलेल्या तयारीत असते. ज्याला गोव्यात गोब्रो आणि महाराष्ट्रात हेकरू म्हणतात तो मासा, आणि त्याच्याच शेजारी राहणारा तांबसो, हे दोघेही कपारीच्या तोंडाशी दबा धरून बसतात, समोरून जाणारे भक्ष्य पकडतात आणि त्याच झेपेत मागे वळून घरात शिरतात. मोकळ्या पाण्यातली इस्वण, म्हणजे सुरमई, शंभर मीटर दोरी पळवते तेव्हा आपल्याला विचार करायला सवड असते; गोब्र्याला पळायचे असते ते जेमतेम एक-दोन मीटर.

ड्रॅग अंदाजाने लावणे

इस्वणीसाठी सैल ठेवलेला ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर दोरी किती ताणानंतर सुटावी हे ठरवणारा रीलचा ब्रेक, तसाच ठेवून खडकावर जाणे, ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. ड्रॅग बोटांनी दोरी ओढून ठरवू नये. रॉडच्या सर्व कड्यांतून दोरी ओवून, तिचे टोक घरातल्या वजनकाट्याला अडकवून आणि रॉड नेहमीसारखा वाकवून तो मोजावा. दोरीच्या तुटण्याच्या क्षमतेच्या सुमारे एक तृतीयांश हे खडकासाठी योग्य माप आहे, म्हणजे ४० पौंडांच्या, सुमारे १८ किलोच्या दोरीवर साधारण ६ किलो. त्याहून जास्त घट्ट केल्यास गाठ तुटते किंवा गळ सरळ होतो. मोजून लावलेला ड्रॅगही आयत्या वेळी अडखळत असेल, तर आत मीठ साचले आहे किंवा रील महिनोन्महिने घट्ट ड्रॅगवर ठेवल्यामुळे वॉशर दबले आहेत, असे समजावे. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे आणि सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा. जोराच्या फवाऱ्याने धुणे टाळावे, कारण त्याने मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते.

मासा लागताच रॉड उभा करून डोक्यामागे नेण्याचा मोह होतो, तोही आवरावा. होडीवरून सरळ खाली ओढणाऱ्या माशासमोर रॉड उभा केला की सगळा ताण बुडाच्या जाड भागावरून शेंड्याकडे सरकतो आणि कार्बनचा रॉड तिथेच मोडतो. रॉड कमरेच्या उंचीवर आडवा ठेवून आधी चार-सहा वेळा हँडल फिरवावे आणि मगच उचलायला सुरुवात करावी. वर्तुळाकार गळ, म्हणजे सर्कल हुक, वापरत असाल तर झटका मुळीच देऊ नये. दोरी ताणून गुंडाळत गेले की गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका दिला तर तो तोंडातून मोकळाच बाहेर येतो.

ब्रेडेड दोरी थेट गळाला बांधणे

ब्रेडेड, म्हणजे अनेक धागे विणून केलेली, दोरी बारीक असून बळकट असते आणि ताणली जात नसल्यामुळे तळाची हालचाल हाताला स्वच्छ कळते, परंतु ताणलेल्या अवस्थेत ती कठीण धारेला लागली की क्षणात कापली जाते. आपल्या खडकांवर कालवे आणि शिनाणे हे शिंपले चिकटलेले असतात, आणि त्यांच्या कडा किती धारदार असतात हे अनवाणी पायाने चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून पुढे दीड-दोन मीटर लांबीचा, ५० ते ८० पौंडांचा जाड तंगुसाचा किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा, असायलाच हवा. दोन्ही जोडण्यासाठी एफजी गाठ सर्वांत बारीक आणि बळकट असते, मात्र ती हलत्या होडीत शिकण्याची गोष्ट नव्हे. घरी बसून वीस वेळा बांधावी आणि ओढून तोडून पाहावी. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कारण कोरडा तंगूस घर्षणाने तापून कमजोर होतो. दोरीचे तुटलेले टोक न पाहता फेकून देऊ नये. ते खरबरीत आणि पिंजलेले असेल तर खडकाने कापले आहे. त्यावर डुकराच्या शेपटीसारखे वेटोळे राहिले असेल तर गाठ सरकली आहे. आणि टोक स्वच्छ कापलेले दिसले तर ते तोंकीच्या, म्हणजे बॅराकुडा माशाच्या, दातांचे काम असण्याची शक्यता मोठी आहे. तिन्ही रोगांची औषधे वेगळी आहेत.

गळ तळाला नेणारे शिशाचे वजन खडकात अडकून सगळे सामान जाणे, ही दुसरी तक्रार. यात शिशाला मुख्य दोरीइतक्याच जाड दोरीने बांधलेले असते. शिशासाठी १२-१५ पौंडांचा वीतभर बारीक तंगूस वापरला, तर अडकल्यावर तेवढाच तुटतो आणि गळ, लीडर, कधी मासादेखील परत मिळतो.

होडी खडकाच्या डोक्यावर उभी करणे

या चुकीवर मी थोडे अधिक लिहितो, कारण महागडे सामानही तिच्यावर उपाय करू शकत नाही. होडी नेमकी कपारीवर असली तर मासा उचलताना दोरी खडकाच्या कडेवरूनच घासत येते. नांगर खडकापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला, वाळूत टाकावा आणि दोर सोडत होडी खडकाच्या कडेपर्यंत आणावी, जेणेकरून माशाला घरापासून दूर, मोकळ्या पाण्याकडे ओढता येईल. १० मीटर खोलीत निदान ३० मीटर दोर सोडल्याशिवाय नांगर नीट धरत नाही. खडकातच टाकावा लागला तर दोर नांगराच्या बुडाच्या बाजूला बांधून वरच्या कडीला फक्त सुतळीने अडकवावा. अडकल्यावर जोर लावला की सुतळी तुटते आणि नांगर उलट दिशेने सुटून येतो.

सकाळी बरोबर बसवलेली होडी दुपारी चुकीच्या जागी असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि होडी फिरते, तेव्हा नांगर उचलून पुन्हा टाकण्याचा आळस करू नये. ग्रँड आयलंडकडे पाणबुडे खाली असतात. त्यांची होडी किंवा निशाण दिसले तर तिथे गळ टाकणे सर्वथा चूक आहे.

चुकीच्या वेळी योग्य जागी जाणे

उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत प्रवाह इतका असतो की शिसे तळावर थांबत नाही आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत कधी पाणी हलतच नाही. मांडवी, शापोरा किंवा बेतूलला समुद्राला मिळणारी साळ या नद्यांच्या मुखाजवळच्या खडकांवर ओहोटीचे गढूळ पाणी येते, म्हणून तिथे भरतीचा मधला काळ निवडावा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र शांत झाल्यावरही खडक रिकामे का लागतात, हा प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. नैर्ऋत्य मोसमी काळात खोल समुद्रातले थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी तळाने किनाऱ्याकडे येते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या समुद्रात याच्या अनेक वर्षे नोंदी घेतल्या आहेत. असे पाणी तळाशी असेपर्यंत आमिष बदलून उपयोग होत नाही. वर आलेले शिसे हाताला नेहमीपेक्षा गार लागले, तर तळ सोडून उथळ पाण्यात किंवा मधल्या थरात प्रयत्न करावा.

कपारीत गेलेला मासा आणि सोडायचा मासा

मासा कपारीत शिरलाच तर बहुतेक जण दोरी तुटेपर्यंत ओढतात. ओढ जाणवली की गोब्रो गालफडे फुगवून आणि काटे उभारून स्वतःला पाचरीसारखा घट्ट बसवतो. अशा वेळी दोरी पूर्ण सैल सोडावी, रॉड खाली ठेवावा आणि पाच-दहा मिनिटे शांत राहावे. दोरी हळूच सरकू लागली की तो बाहेर निघाला आहे; तेव्हा मात्र एका दमात गुंडाळावे.

लहान मासे सोडावेत, आणि फार मोठे गोब्रेही सोडावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. गोब्रो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यांपैकी काहींचा नर होतो, त्यामुळे मोठे मासे काढत गेल्यास त्या खडकावर नरच उरत नाहीत. नुसते पाण्यात टाकणे मात्र पुरेसे नाही. २० मीटर खोलीवरून वर येताना माशाच्या आतल्या हवेच्या पिशवीतला वायू तिप्पट प्रसरण पावतो, आणि पोट फुगलेला मासा पृष्ठभागावर उलटा तरंगत घारींच्या तावडीत सापडतो. तोंडातून बाहेर आलेले जठर टोचू नये. काटेरी टोक घासून गुळगुळीत केलेला मोठा गळ अर्ध्या किलोच्या शिशाला उलटा बांधावा, माशाच्या खालच्या ओठातून अलगद घालावा आणि त्याला तळाकडे सोडावे. खाली पोहोचल्यावर दोरीला एक झटका दिला की गळ निघतो आणि मासा आपल्या कपारीकडे जातो.